पुरावा म्हणून ठेवलेला माणूस

पाहुणे आले की सतीशला साच्यांजवळ उभं करायचं, अशी जगदेवच्या कारखान्यात रीतच पडून गेली होती. बाकीच्यांनी काम करायचं, सतीशनं श्वास घ्यायचा. त्याचाच त्याला पगार होता.

"हा आमचा सतीश," जगदेव पाहुण्यांना सांगायचा आणि बाजारात गोऱ्ह्याच्या पाठीवर मारतात तशी त्याच्या पाठीवर थाप मारायचा. "पुण्याकडं फोम फवाराच्या कामावर होता. छाती गेली बिचाऱ्याची. डॉक्टरनं सांगतलं, आयसोसायनेटचा वास जरी आला तरी तू आडवा होशीन. आता पाहा, कसा उभा आहे. घे रे सतीश, लंबा श्वास घे."

सतीश लंबा श्वास घ्यायचा. पाहुणे मोबाईलवर फोटो काढायचे. एकानं तर हसत हसत त्याच्या छातीला कान लावून पाहिला होता. सतीशही हसला होता. न हसून सांगतो कोणाला.

गोष्ट खोटी असती तर बरं झालं असतं. पण ती खरी होती. मेडशीहून पोट भरायला गेलेला हा माणूस ऐन उमेदीची वर्षं शीतगृहांच्या भिंतींवर फोम फवारत होता. ठेकेदार मास्क म्हणून कापडाची पट्टी द्यायचा आणि ती हरवली तर पगारातून कापायचा. आधी संध्याकाळचा खोकला लागला, मग झोपेत छाती वाजायला लागली, मग एक दिवस पायऱ्या चढताना तो बसला तो उठलाच नाही, उचलून न्यावं लागलं. त्या रसायनाशी अंगानं एकदा वैर धरलं की ते मरेपर्यंत सुटत नाही. नंतर चमचाभर माल शेजारच्या खोलीत उघडा राहिला तरी छाती आवळते. ठेकेदारानं त्याला एसटीच्या तिकिटापुरते पैसे दिले आणि फोन उचलायचं बंद केलं.

गावात आल्यावर जगदेवनं त्याला हेरलं. वाशिमकडच्या मालेगाव-मेडशी रस्त्यावर बंद पडलेल्या दाल मिलच्या शेडात जगदेवनं ट्रॅक्टरच्या सीटा करायचा कारखाना टाकला होता. सीटेचा फोम म्हणजे पॉलियुरेथेन, आणि तो जिकडेतिकडे आयसोसायनेट घालूनच होतो. जगदेवकडं तो त्याच्याशिवाय व्हायचा. सोयाबीनच्या तेलावर प्रक्रिया करून, त्यात कार्बन डायऑक्साइड मुरवून केलेला, मधासारखा दाट माल बाहेरून ड्रममध्ये यायचा. त्यात दुसरं एक रसायन घोटायचं, साच्यात ओतायचं आणि साचे गरम खोलीत आंब्याची अढी घालावी तसे रचून ठेवायचे. ते दुसरं रसायनही काही दूध नव्हतं, हाताला लागलं तर कातडं चुरचुरायचं. पण छाती धरत नव्हतं. सीट मजबूत व्हायची. वेळ मात्र लागायचा. जुन्या पद्धतीची सीट चहा पिऊन होईस्तोवर साच्यातून निघते, ही रात्रभर मुरायची.

सोयाबीनच्या जिल्ह्यात सोयाबीनची सीट, आणि तीही विषाशिवाय. जगदेवनं चांगली गोष्ट केली होती, हे कबूल करावं लागेल. वाईट माणसाच्या हातून चांगली गोष्ट होते तेव्हा ती किती दिवस टिकते, एवढाच प्रश्न असतो.

ती टिकली एका मोठ्या ट्रॅक्टर कंपनीची ऑर्डर येईपर्यंत. कंपनीला जाहिरातीत छापायचं होतं की आमच्या सीटा विषारी रसायनाशिवाय बनतात. आणि त्या सीटा ढिगानं, ताबडतोब हव्या होत्या. दोन्ही गोष्टी एकदम मागायला कंपनीचं काय जातं.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मागच्या शेडाला ट्रक लागला. उतरले ते आयसोसायनेटचे लाल ड्रम होते. त्यांच्यावरचे कागद खरवडून काढले आणि त्यांना हिरवा रंग फासला, सोयाबीनच्या मालाच्या ड्रमांना होता तोच. पुढच्या शेडात सोयाबीनच्या सीटा, दाखवायला. मागच्या शेडात जुन्या मालाच्या सीटा, विकायला. सतीशची जागा पुढच्या शेडात होती. मधे एक ताडपत्री.

चार-सहा दिवसांत त्याला संध्याकाळी खोकला यायला लागला. तो त्यानं जगदेवला सांगितला.

"कुटार उडून राह्यलं बावा सगळीकडं," जगदेव म्हणाला. "थ्रेशरचे दिवस आहेत. मायंबी नाक चोंदलं पाय."

सतीशनं ऐकून घेतलं. सोयाबीनचं कुटार, मळणीचा भुसा, खरंच उडत होता. आणि नोकरी टिकवायची असली की माणूस कुटारावरसुद्धा विश्वास ठेवतो.

त्या कारखान्यात एक पद्धत होती. रिकामा झालेला ड्रम भंगारात घालायच्या ऐवजी कामगारांना पाळीपाळीनं मिळायचा. सोड्यानं दोनदा धुतला की घरी पाणी साठवायला उपयोगी पडतो. सोयाबीनच्या मालाच्या ड्रमचं त्यात काही बिघडत नव्हतं, चिकट वास तेवढा दोन दिवस राहायचा. मागच्या शेडातले ड्रम बाहेर द्यायचे नाहीत, असं जगदेवनं ड्रम घरोघर पोचवणाऱ्या गाडीवाल्याला बजावलं होतं. पण रंग एकच लावल्यावर गाडीवाल्यानं ओळखायचे कसे? जगदेवची चोरी इतकी साफ झाली होती की ती त्याच्याच माणसाला दिसेना.

सतीश घरी आला तेव्हा संगीता, त्याची बायको, पदर खोचून हात पुसत अंगणात उभी होती.

"आपला लंबर लागला," ती म्हणाली. "गाडीवाला ड्रम टाकून गेला. सोडा टाकला, दोन बादल्या गरम पाणी टाकलं, झाकण आवळून चांगला लोळवला. आता भिजू देला तसाच उन्हात."

सतीशच्या छातीत शिट्टी वाजली. आधी त्याला वाटलं, सायकलची दमछाक असेल. मग त्यानं ड्रमकडं पाहिलं. वरचा पत्रा आत दबलेला असतो, तो बाहेर आला होता, पोट फुगून मेलेल्या म्हशीसारखा. बाजूचे पत्रेही टरारले होते. असा ड्रम त्यानं पुण्याकडं एकदा पाहिला होता. आयसोसायनेटमध्ये पाणी पडलं की आत वायू तयार होतो, आणि झाकण बंद असेल तर तो जागा मागतो.

"हट तथून," तो म्हणाला. "संगीता, हट. त्या पोट्ट्याईले घेऊन मागं जाय."

"काहून? काय झालं?"

त्यानं तिचा दंड धरून ओढलं. शेजारची पोरं पळाली. सगळे घराच्या कोपऱ्याआड गेले न गेले तोच बार उडाल्यासारखा आवाज झाला. झाकण मोरीच्या टिनावर आदळलं, टिन फाटलं. ड्रमच्या तोंडातून पांढरट, खरवडीसारखा फेस उतू आला आणि जागच्या जागी कडक होऊ लागला.

कोणाला काही लागलं नाही. फक्त सतीश भिंतीला धरून खाली बसला आणि त्याचे ओठ निळे पडले.

मालेगावच्या दवाखान्यात त्याच्या तोंडाला वाफेचा मास्क लावला, सलाईनमधून औषध दिलं. दोन रात्री तिथं काढून तो घरी आला, तेव्हा जगदेव सफरचंदं घेऊन आला. प्लास्टिकच्या खुर्चीवर अंगणात बसला. चहा नको म्हणाला, आत्ताच झाला. मेडशीच्या बौद्धवाड्यात आलं की जगदेवचा चहा नेहमी आत्ताच झालेला असायचा.

"कसं वाटून राह्यलं?" त्यानं विचारलं.

"तुमच्या ड्रमात काय होतं, जगदेवभाऊ?"

"भंगारातला आला असन एखादा."

"हिरवा रंग तुमचाच आहे. नखानं खरवडला का खाली लाल निघते."

जगदेव खुर्ची जवळ ओढून, दोस्ताच्या आवाजात बोलू लागला. माणूस पकडला गेला की त्याला एकदम दोस्ती आठवते.

"पाय सतीश, तुयापासून काय लपवू. सोयाबीनचा माल बसाले रात्रभर लागते, कंपनी रोज फोन करून राह्यली. ही एवढी ऑर्डर जाऊ दे. मंग पुन्हा आपलं सगळं पहिल्यासारखं."

"आन तोवर म्या तथी उभं राहू?"

"गुरुवारी कंपनीच्या मॅडम येऊन राह्यल्या. त्याईच्या कागदात तुयं नाव गेलं आहे. तुयाशिवाय जमत नाही." त्यानं इकडंतिकडं पाहिलं. "माया ओळखीचा एक कंपाउंडर आहे. सकाळी इंजेक्शन मारते, वरून दम्याचा पंप घे. दोन तास तुले काईच होत नाही. मंग घरी येऊन खोकल पाहिजे तेवढा."

संगीता दारात उभी होती. "लाज याचं इंजेक्शन नाही का त्या कंपाउंडरजवळ?" तिनं विचारलं. "असन तं तुमीच मारून घ्या."

जगदेव उठला. आवाजातली दोस्ती गेली.

"उभं राह्याचा पगार देत होतो म्या याले. पुऱ्या वाशिम जिल्ह्यात कोण देते? तुमच्या लोकाईचं असंच असते. जवळ बसवलं का डोक्यावर चढता. दुसरा भेटन मले. खोकलाले काय शाळा लागते?"

तो गेल्यावर सफरचंदाची पिशवी संगीतानं उचलून रस्त्यावर ठेवली, बकऱ्यांसाठी.

"तुमच्या आज्यानं मेलेलं ढोर ओढणं सोडलं," ती म्हणाली. "गावानं पाणी बंद केलं, दळण बंद केलं, तरी सोडलं. आन तुमी? त्या जगदेवच्या पाहुण्याईपुढं स्वतःलेच ओढत नेत होते रोज. मले वाटे, पगार आहे, बोलू नये. म्याबी बोलली नाही."

त्या दिवशी सतीशचं ठरलं. आता कोणाच्या पुराव्यासाठी तो श्वास घेणार नव्हता.

पण हे नुसतं घरात ठरवून भागत नव्हतं. मागच्या शेडात तांड्यावरच्या बाया माल घोटत होत्या. त्यांतली भुरीबाई सगळ्यांत जुनी, तिची सून निताही तिथंच. मेडशीच्या एसटी स्टँडवर भुरीबाई त्याला भेटली तेव्हा सतीशनं सगळं सांगितलं. मागच्या शेडात जो माल आहे त्यानंच माझी छाती गेली, तुम्ही तिथं थांबू नका.

भुरीबाईनं ऐकून घेतलं, आणि मग त्याला असं झाडलं की स्टँडवरचे लोक बघायला लागले.

"आता आठवलो का आमी तुले, सतीशभाऊ? इतके दिवस पंख्याखाली उभा राहून फोटो काढले. आमी तुयापासून दहा पावलावर बादल्या घोटत होतो, कधी इचारलं नाही का बाई, तुमच्या हाताचं कातडं कुठी गेलं. आता तुई छाती वाजली तं आमची काळजी पडली?"

"खरं आहे तुयं," सतीश म्हणाला.

"खरं आहे म्हणून पोट भरते का? काम सोडलं तं तू देतं का काम? पुन्हा जाऊ ऊस तोडाले?"

"निताले खोकला आहे का?"

"कुटाराचा आहे. जगदेवभाऊनं सांगतलं."

"मलेबी कुटाराचाच सांगतला होता."

तिनं पदर तोंडावरून फिरवला. "सगळ्याईले होते का तुयासारखं?"

"सगळ्याईले नाही होत. पण कोणाले होईन ते आंधी समजत नाही. झाल्यावर समजते."

बस आली. पायरीवर पाय ठेवून ती वळली, आणि हसली, पण चांगलं नाही हसली.

"तुया जागी रिठदचा देवला आणला. निवडणुकीत रिक्षात बसून भोंगा वाजवते तो. गुरुवारी तो सतीश होणार हाये. जगदेवभाऊ त्याले सकाळपासून पुणं शिकवून राह्यला."

गुरुवारी सतीश इंजेक्शन न घेता, खिशात पंप टाकून कारखान्यावर गेला. संगीता बरोबर होती. नको म्हटलं तरी आली. फाटकावरच्या माणसानं अडवलं नाही. इतकी वर्षं सलाम ठोकलेल्या माणसाला अडवायचं त्याला सुचलं नसेल.

पुढचं शेड धुऊन पुसून लखलखीत केलं होतं. कंपनीच्या मॅडम गाडीतून उतरून अंगणातच उभ्या होत्या. बाजूला पांढरा शर्ट घातलेला जगदेव, आणि त्याच्या पुढ्यात देवला, छातीवर हात ठेवून.

"हा आमचा सतीश," जगदेव सांगत होता. "पुण्याकडं होता. छाती गेली बिचाऱ्याची."

"लय गेली मॅडम," देवला म्हणाला. "पुरी गेली."

"सतीश मी आहे," सतीश मागून म्हणाला.

मॅडम वळल्या. "म्हणजे? मग हे कोण?"

"ते त्यालेच विचारा. पुण्यात कुठी होता म्हणा."

देवलानं जगदेवकडं पाहिलं. "पुण्यातच होतो," तो म्हणाला. "पुण्याच्या मधात."

"हा जुना कामगार आहे, मॅडम," जगदेव घाईघाईनं म्हणाला. "दारू पिते, म्हणून काढला. त्याचंबी नाव सतीशच. तुम्ही आत चला, ऊन लागते."

मॅडमच्या चेहऱ्यावर कंटाळा आला. त्यांना वाशिमहून संध्याकाळची गाडी होती, आणि दोन सतीशांतला एक निवडणं हे त्यांच्या कामात बसत नव्हतं. "कुणाकडे ओळखपत्र आहे का?" त्यांनी विचारलं.

"ओळखपत्र कायले पाह्यता," सतीश म्हणाला. "माया छातीचं सांगूनच ह्या कारखान्याचं नाव झालं नं? मंग छातीवरच ठरवू. त्या ताडपत्रीमागं दुसरं शेड आहे. मी आन हा, दोघंबी तथी जाऊन उभं राहतो. तुमी अथूनच पाहा. जो पडन तो सतीश."

देवला दोन पावलं मागं सरला. त्याला कोणी पडायचं सांगितलं नव्हतं.

"डोकं फिरलं याचं," जगदेव हसत म्हणाला, पण हसू तोंडातच राहिलं. सतीश चालायला लागला होता. पुढच्या शेडातून, धुतलेल्या फरशीवरून, सरळ ताडपत्रीकडं. तिथं पोचायच्या आधीच त्याची छाती वाजायला लागली. संगीतानं एकदा त्याचं नाव घेतलं आणि मग गच्च तोंड मिटलं. तो काही मरायला निघाला नव्हता. ताडपत्रीला हात लावायचा आणि पाहायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. पण किती श्वास पुरतील याचा भरवसा त्यालाही नव्हता.

ताडपत्रीला हात लागायच्या आत मागून जगदेव धावत आला, त्यानं सतीशची कॉलर पकडली आणि त्याला मागं खेचलं.

"आत नोको जाऊ," तो ओरडला. "मरशीन लेका तू. अथी मेला तं मले कोण सोडवते?"

गरम खोलीचा पंखा तेवढा फिरत होता. जगदेवचा हात कॉलरवरच राहिला. आपण काय बोललो हे त्याला इतरांच्या तोंडांकडं पाहून कळलं.

मॅडम गाडीत जाऊन बसल्या आणि त्यांनी काच वर केली. गाडी मात्र निघाली नाही. ड्रायव्हर पाणी भरायला गेला होता.

ताडपत्री आतून सरकली. भुरीबाई बाहेर आली, तोंडाला फडकं, कोपरापर्यंत चिकट पिवळे हात.

"हा गेला तं मरन," ती म्हणाली. "आन आमी?"

"तुमाले काई होत नाही," जगदेव म्हणाला. "याचंच अंग खराब आहे."

"याचं अंग मायच्या पोटातूनच खराब होतं का?"

जगदेवनं सतीशची कॉलर सोडली. सतीश फरशीवर बसला, पंप तोंडाला लावला. संगीतानं त्याला काखेत धरून अंगणात, झाडाखाली नेलं.

भुरीबाई आत वळून बंजारा बोलीत काहीतरी म्हणाली. निता खोकत बाहेर आली. तिच्यामागून बाकीच्या आल्या, एकेक करून, पदर सोडत, हात झटकत. सतीशशी त्यांतली एकही बोलली नाही. त्याच्यासाठी त्या आल्याच नव्हत्या. हापशावर जाऊन त्या हात घासू लागल्या, आणि चिकट माल निघेना म्हणून मातीनं घासू लागल्या.

"अरे, बादलीत माल घोटलेला आहे," जगदेव म्हणाला. "तो बादलीतच फुगून बसन. भुरीबाई. अवं निता. साचे उघडे आहेत न."

हापशाचा दांडा वरखाली होत राहिला.

"देवला, तू जाय."

"मी तं सतीश हाये," देवला म्हणाला. "मले डॉक्टरनं जाऊ नोको सांगतलं."

जगदेवनं सगळ्यांकडं एकदा पाहिलं, बंद काचेच्या गाडीकडंही. मग पांढऱ्या शर्टाची बाही ओढून नाकावर धरली आणि ताडपत्रीमागं गेला. आतून बादली आपटल्याचा आवाज आला, आणि नंतर त्याच्या खोकल्याचा.